‘बॉक्स बदला, तोटा शून्य’ म्हणणाऱ्यांनी जरा इकडे या

अनगोळकर

परवा आमच्या बेळगावात टिळकवाडीच्या एका हुशार पोराने लिहिलं, “टीव्हीची केबल, डिशची छत्री सगळं मोडीत काढा आणि फायबर इंटरनेटचा बॉक्स घ्या. अर्ध्या तासाचं काम, महिन्याला पैसे वाचतात, तोटा शून्य. न बदलणारे निव्वळ आळशी.” खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसायचं ठरवलं होतं, खरं ते ‘आळशी’ काही घशाखाली उतरेना.

मी केबलवरून छत्रीवर गेलोय, एका छत्रीवरून दुसऱ्या छत्रीवर गेलोय, आणि आता घरात फायबरही आलंय. म्हणजे आळशी नव्हेच, झालोच तर जरा जास्त उठाठेवी. आणि दर वेळी जाहिरातीत जे सांगत नाहीत नेमकं तेच अंगावर आलं.

आधी बॉक्सचं बोलू. पैसे मोजून घेतला तरी कंपनी सोडली की तो ठोकळा. कार्ड त्यांचं, आतलं कुलूप त्यांचं. मोबाईलचा नंबर २०११ पासून देशभर एका कंपनीतून दुसरीत नेता येतो. टीव्हीच्या बॉक्सला ती सोय नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये सरकारला शिफारस केली की छत्रीचा बॉक्स छत्रीच्या कुठल्याही कंपनीला आणि केबलचा केबलच्या कुठल्याही कंपनीला चालला पाहिजे. शिफारस उत्तम होती. आमच्या माळ्यावरचे ठोकळे त्यानंतरही वाढलेत.

मग रिमोट. आई पंच्याहत्तरी ओलांडलेली. तिला पडद्यावरची यादी वाचता येत नाही असं नव्हे, चष्मा लावून धुंडाळायचा कंटाळा. नंबर तिच्या बोटांना पाठ. आता प्रत्येक कंपनीची नंबरवारी वेगळी. बॉक्स बदलला त्या संध्याकाळी तिने सवयीने नंबर दाबला आणि समोर शेअर बाजार. काही बोलली नाही, रिमोट माझ्या हातात दिला आणि जपमाळ घेऊन बसली. पुढचा आठवडा आमच्या घरात कोण कुणाला काय बोलत होतं ते इथं लिहीत नाही.

जुन्या बॉक्सवर तिने सह्याद्रीवरची कीर्तनं साठवून ठेवली होती. कनेक्शन बंद, कीर्तनंही बंद. डिस्क काढून संगणकाला जोडून बघितली, एक फाईल उघडली नाही. कनेक्शन सोडताना हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे कुणाला सुचतं?

आणि पॅक! पत्ता बेळगाव म्हटला की जोडणारा पोरगा कर्नाटकाचा पॅक लावून मोकळा. त्यात मराठी नावापुरती. मग झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, एकेक सुटी घ्यायची. फेब्रुवारी २०१९ पासून सुटी वाहिनी घेण्याचा हक्क आहे हे मलाही ठाऊक आहे. त्याच हक्काबरोबर ती एनसीएफ, म्हणजे नुसत्या जोडणीची फी, आली, तेव्हा १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, पैशाची एकही वाहिनी न घेता. जुलै २०२४ मध्ये त्या फीवरची मर्यादाही ट्रायने उठवली. ‘महिन्याला पैसे वाचतात’ हा हिशेब कर्नाटकाचा पॅक आहे तसा बघणाऱ्याचा. मराठी बघणाऱ्याने स्वतःचा मांडून बघावा.

सगळ्यात जास्त सललं ते सांगतो. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. केबलवर गावच्या वाहिनीला ती रात्रभर असायची. आईला गर्दीत नेता येत नाही, तिचा तोच आधार. छत्रीवर गावची वाहिनी कुठून येणार? ते सिग्नल वरून येतात, वरच्याला अनगोळ ठाऊक नाही.

आता सांगा, शून्य म्हणजे किती?

टिळकवाडी_टेक

काका, नाव घेतलं नाहीत तरी तो हुशार पोरगा मीच. ‘आळशी’ शब्द मागे घेतो, ‘उठाठेवी’ ठेवतो, तो तुमचाच आहे.

तुम्ही एका छत्रीवरून दुसऱ्या छत्रीवर गेलात हीच मुळात चूक. एका विहिरीतून निघून दुसरीत. मी फायबरबद्दल लिहिलं होतं. फायबरचा बॉक्स बऱ्याचदा अनामत ठेवून मिळतो, सोडताना परत द्या, अनामत घ्या, माळ्यावर ठोकळा नाही. नंबर पाठ करायची गरज नाही, रिमोटचं बटण दाबून तोंडाने नाव घ्या, वाहिनी लागते. मिरवणूक यूट्यूबवर असते, ती पण चांगल्या कॅमेऱ्याने, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघता येते. आजींना जास्त सोयीचं कुठलं?

राहता राहिली कीर्तनं. ती पण यूट्यूबवर ढिगाने आहेत.

शहापूरची_वहिनी

भाऊजी, तोंडाने नाव घ्या म्हणे. आमच्या सासूबाईंनी “सह्याद्री लाव” म्हटलं, तर त्याने डोंगर चढणाऱ्या पोरांचे व्हिडिओ लावले. दुसऱ्यांदा म्हटलं तर चहाची पूड कशी निवडावी. आमच्या गल्लीत माग सुरू असले की शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही, तो रिमोट काय ऐकणार?

आणि ‘आजींना सोयीचं’ हे आजींना विचारून ठरवलंत की आईला विचारून?

माझी तक्रार वेगळी आहे. फायबरवर सगळं उशिरा येतं. क्रिकेट असलं की समोरच्या घरात, त्यांच्याकडे छत्री आहे, आधी आरडाओरडा. मग आमच्याकडे गोलंदाज धावायला लागतो. ह्यांनी शेवटी खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. उन्हाळ्यात, खिडकी लावून, क्रिकेट. शून्य तोटा.

टिळकवाडी_टेक

वहिनी, उशीर होतो, मान्य. इंटरनेटवरून चित्र तुकड्या-तुकड्यांनी येतं, थोडं साठवून मग दाखवतात, म्हणून मागे पडतं. त्यासाठी कुणी छत्रीकडे परत जावं एवढं ते मोठं आहे का? समोरच्यांनाही फायबर घ्यायला सांगा.

शहापूरची_वहिनी

सांगते हं. तुमचं कमिशन ठरलंय का कंपनीशी?

जांबोटी_घाट

तुम्ही शहरातली माणसं, तुमचं भांडण पण शहरातलं. आमच्याकडे फायबर रस्त्याच्या कडेच्या झाडांवरून येतं. एक फांदी पडली की इंटरनेट, टीव्ही, आणि ज्यावरून तक्रार करायची तो वायफायचा फोन, तिन्ही एकदम गेले. केबल होती तेव्हा निदान फोन तरी चालायचा.

छत्रीचं म्हणाल तर कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस बघितलाय का कुणी? मृगापासून गणपतीपर्यंत छत्री म्हणजे भिंतीवरचं शोभेचं ताट. सिग्नल नाही, सिग्नल नाही, सिग्नल नाही. मालिकेत कोण मेलं ते पाऊस उघडल्यावर कळतं. आणि पावसाने सोडलं तर वानरं. छत्रीच्या दांड्यावर बसून टोळी खाली बघते. एकाने त्या पुढच्या डोळ्याला लोंबकळून बघितलं, छत्रीने मान टाकली. कंपनीला फोन केला तर बाई म्हणते, “सर, वॉरंटीमध्ये वानर येत नाही.” कशाला येईल ते वॉरंटीत, ते छतावर येतं.

वानरांचं काय करायचं ते कुणाला ठाऊक असेल तर सांगा. फटाके झाले, वाघाचं चित्र झालं. वाघाच्या चित्रावर बसतात.

केबलची_वायर

मी बरीच वर्षं केबलच्या लाईनवर काम केलंय, आता छत्र्या बसवतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात. थोडं सांगतो, मग भांडा.

एका छत्रीवरून दुसऱ्या कंपनीवर जाताना लोकांना वाटतं, छत्री तीच, फक्त बॉक्स बदलायचा. तसं नसतं. प्रत्येकाचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी. टाटा प्ले ८३ अंश पूर्व, डिश टीव्ही ९५, दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ वर जीसॅट-१५, एअरटेल १०८.२. बेळगावातून ८३ वाला जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून ६९ अंश वर. १०८ वाला पूर्वेकडे सरकलेला, ४७ अंशांच्या आसपास. म्हणजे जुन्या छत्रीला शेजाऱ्याचा मजला आडवा येत नव्हता, नवीला येतो. फणसाचं झाड येतं, पाण्याची टाकी येते. मग पोरगा म्हणतो खांब उंच करा, खांबाचे पैसे वेगळे. हा खर्च जाहिरातीत नसतो, माझ्या खिशात असतो, म्हणून मी तक्रार करत नाही.

पावसाचं कारण सरळ आहे. हे सगळं केयू बँड नावाच्या लहरींवर चालतं आणि त्या लहरी पाण्याच्या थेंबात अडकतात. जांबोटीवाल्या मामांनी ६० सेंटिमीटरची छत्री काढून ९० ची लावली तर फरक पडेल. पूर्ण जाणार नाही. वानरांना मात्र ९० ची जास्त आवडेल.

जांबोटी_घाट

बसायला ऐसपैस, होय की.

निपाणीकर

अनगोळकर काका, पॅकचा एवढा त्रास कशाला करून घेतला? आम्ही कनेक्शन कागलच्या मेहुण्याच्या पत्त्यावर घेतलं. महाराष्ट्राचा पॅक, सगळ्या मराठी वाहिन्या आपोआप, फोन लावला की पलीकडे मराठी. इकडच्या पत्त्यावर फोन केला की भाषा निवडा म्हणतात, कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठी गायब. निपाणीत बसून हिंदीत सांगायचं, “हमारा चॅनेल गया है.” नको तेच.

कडोलीचा_बाळू

आमीबी तेच केलंय. शिनोळीच्या आत्त्याचा पत्ता. कडोलीत बसून आमी शिनोळीत राहूलालोय. १९५६ पासून जे जमलं नाय ते सेट-टॉप बॉक्सनं करून दाखवलं, अख्खं घर महाराष्ट्रात.

खरं एक सांगतो, ते पॅकचं मुद्दाम करूलालेत. पाट्या झाल्या, कागदं झाली, आता टीव्हीबी. कोण मराठी बघतंय त्याला जास्त पैसे. ही शिक्षा हाय शिक्षा.

खडेबाजार_मुक्काम

आलं. मी वाटच बघत होतो, बॉक्सवरून सीमेवर यायला किती वेळ लागतो याची.

बाळूदादा, जत आणि अक्कलकोटला जाऊन या एकदा. तिथल्या कन्नड घरात पॅक कुठला लावतात? महाराष्ट्राचा. ते लोक पण उदया आणि झी कन्नड सुटी घेतात, तुमच्यासारखंच कुरकुरत. यात कुणी कट करत नाही, कंपनीच्या संगणकात पिनकोड टाकला की पॅक येतो. संगणकाला सीमाप्रश्नाचा महाजन अहवाल ठाऊक नाही.

आमच्या घरात आई मराठी बघते, बायको कन्नड बघते, पोरं दोन्ही बघत नाहीत. मला कर्नाटकाचा पॅक बरोबर पडतो. मी देशद्रोही का?

कडोलीचा_बाळू

देशद्रोही कोण म्हणालं? तुमीच म्हणूलालाय. तुमाला बरोबर पडतंय म्हणून सगळ्यांना पडलं पाहिजे व्हय? खडेबाजारात दुकान हाय, गिऱ्हाईक दोन्हीकडचं, तुमाला गोडच बोलाय लागतंय.

खडेबाजार_मुक्काम

दुकान माझं आहे, जीभ पण माझी आहे. गिऱ्हाइकाशी गोड बोलतो कारण तो पैसे देतो. तुम्ही देत नाही.

शिनोळीच्या पत्त्यावर कनेक्शन आणि कडोलीत शूरपणा. जरा विचार करा, आत्त्याच्या नावावर वीज, आत्त्याच्या नावावर गॅस असं कुणी कन्नड माणसाने केलं असतं तर तुम्ही इथं काय लिहिलं असतं?

कडोलीचा_बाळू

गॅस कुठनं आला मधीच? आनि लिहिलं असतंच. लिहायला कुणाच्या बापाला भीत नाय.

निपाणीकर

मी एक सोपी सोय सांगितली आणि इथं रणगाडे आले. तरी मूळ मुद्दा सोडू नका. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असले की त्यांच्या भाषेत कागदपत्रं द्यायची असतात. मग टीव्हीची कंपनी का देत नाही? कायद्याने मराठी फोनसेवा दिलीच पाहिजे.

केबलची_वायर

निपाणीकर साहेब, ती १५ टक्क्यांची गोष्ट सरकारी कचेऱ्यांची. खाजगी कंपनीला ती लागू नाही. लागू असती तर मला आनंदच होता, निम्मे फोन लोक मलाच करतात, “जरा त्यांच्याशी बोल रे” म्हणून.

आणि तुमच्या पत्त्याच्या युक्तीचं एक सांगायचं राहिलं, ते मी दर महिन्याला बघतो. बॉक्स बिघडला की तक्रार कुणाकडे जाते? पत्त्यावरच्या मुलखात जो मिस्त्री असेल त्याच्याकडे. कागलचा मिस्त्री निपाणीला येत नाही, त्याच्या यादीत निपाणी नाही. तो तुमच्या मेहुण्याच्या दारात उभा राहतो, मेहुणा म्हणतो आमचा टीव्ही मस्त चाललाय, तो ‘तक्रार निवारण’ लिहून निघून जातो. मग तुम्ही मला बोलावता, मी रोख पैसे घेतो.

शिवाय या सगळ्याची गरजच नव्हती. छत्रीचा सिग्नल सगळ्या देशावर एकच पडतो. जी मराठी वाहिनी कागलला येते तीच निपाणीला, त्याच छापील दराला. फक्त तोंड उघडून सांगायचं, “कर्नाटकाचा पॅक नको, मी सांगतो त्या वाहिन्या लाव.” बसवणाऱ्या पोराला तयार पॅक लावायची घाई असते, सुट्या लावायला अर्धा तास लागतो. त्याला चहा पाजा, लावतो.

केबलची गोष्ट वेगळी. केबलवाल्याच्या मुख्य केंद्रात जे येतं तेवढंच तुम्हाला. तिथं नसलेली वाहिनी हक्क असला तरी मिळत नाही.

निपाणीकर

मेहुण्याने खरंच मागच्या वेळी फोन केला होता, “तुझा मिस्त्री आलाय, त्याला जेवायला घालू का” म्हणून. मला वाटलं चेष्टा करतोय.

कडोलीचा_बाळू

आत्त्याकडं पण कोन तर आलतं. आत्त्यानं भाकरी दिली त्याला.

तरी पॅक महाराष्ट्राचाच ठेवनार. माझं पैसं, माझा बॉक्स.

टिळकवाडी_टेक

बॉक्स तुझा नाही रे बाळू, इथं वर काकांनी एवढं लिहिलं.

माझं म्हणणं अजून तेच आहे. या सगळ्या रामायणाचं मूळ छत्री आणि केबल आहे. पिनकोड, पॅक, उपग्रह, फणस, वानर. फायबरवर यातलं निम्मं गळून पडतं. ॲपमध्ये मराठी वाहिन्या तुम्ही स्वतः निवडता, कुणाला चहा पाजायला नको.

जांबोटी_घाट

आणि फांदी? फांदीला कोण चहा पाजणार?

हिंडलगा_नाका

मी इतका वेळ वाचत होते. तुम्ही सगळे महिन्याला किती घालवता त्याची बेरीज करा, मग फ्री डिशकडे बघा. एकदाच बॉक्स आणि छत्री घ्यायची, महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज संपायची भीती नाही. २००४ पासून चालू आहे. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, बाकीचं मोबाईलवर बघा. मला कधी कुणाला फोन करावा लागला नाही, मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही.

शहापूरची_वहिनी

ताई, तुमचं खरं आहे, पण पैशाच्या मालिकेच्या वाहिन्या त्यावर नाहीत. आणि ज्या फुकट आहेत त्या टिकतील याचा भरवसा नाही, दर वर्षी लिलाव होतो आणि १ एप्रिलला कोण आत कोण बाहेर ते कळतं. आमच्या वाड्यातल्या काकूंची आवडती वाहिनी तशीच गेली. त्या अजून आम्हालाच विचारतात, “परत कधी येणार गं?” जणू मीच घालवली.

हिंडलगा_नाका

तेही खरं. आमच्याकडे जुना बॉक्स होता, त्यावर काही वाहिन्या दिसतच नव्हत्या. नवीन एमपेग-४ पद्धतीचा घ्या म्हणाले. म्हणजे फुकटातसुद्धा बॉक्स बदलावा लागलाच. तरी तुमच्यापेक्षा स्वस्तात सुटले.

अनगोळकर

मला वाटलं होतं माझ्या आईचा रिमोट हा विषय आहे. असो, वानरं आणि शिनोळीची आत्त्या यातून नवीन बरंच कळलं.

टेकराव, तुमच्या फायबरबद्दल. घरात ते आहे असं मी वरच लिहिलंय, तुम्ही तेवढं वाचलं नाहीत. आमच्याकडे लाईट गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, छत्री चालते. फायबरचं यंत्र मात्र माडीवर, इन्व्हर्टरच्या लाईनवर नाही, त्यामुळे ते जातं. वेगळी वायर ओढून घेतली. तो खर्च तुमच्या शून्यात धरा. आईचं यूट्यूबवरचं कीर्तन मध्येच थांबतं आणि कंबरपट्ट्याची जाहिरात लागते. बुवा अभंगाच्या ऐन चरणात. तिला वाटतं बुवाच बोलतायत.

मिरवणूक यूट्यूबवर असते, बरोबर. तेवढं दिलं तुम्हाला. चांगली दिसते, तेही दिलं. पुढच्या वैशाखात तुम्ही या आणि आईला लावून द्या, म्हणजे झालं.

खडेबाजारवाल्यांचा जतचा मुद्दा बिनतोड आहे, मला तो आवडला नाही.

खडेबाजार_मुक्काम

आवडू नये म्हणूनच सांगितला.

बाय द वे काका, केबलचं तुम्ही फार गोड आठवताय. आपल्याकडे शहरात केबल डिजिटल करायची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, खेड्यात शेवटी ३१ मार्च २०१७. त्याआधीची केबल आठवते का? चित्रात मुंग्या, दोन वाहिन्या एकमेकांवर बसलेल्या, पावती कधीच नाही. कुणी मोठा माणूस गेला की केबलवाला त्याच्या मर्जीने सगळं बंद ठेवायचा. तेव्हा तुम्हीच त्याला शिव्या घालत असाल.

अनगोळकर

घालत होतो. खरं तो शिव्या ऐकायला दारात यायचा. मराठीत ऐकायचा, मराठीत उलट द्यायचा, आणि शिडी लावून काम करून जायचा. आता शिवी घालायला आधी एक दाबा, मग तीन दाबा.

केबलची_वायर

तुम्ही दिलेल्या काही मीच ऐकल्या असतील. अनगोळात माझी लाईन होती.

कडोलीचा_बाळू

मग अनगोळकर काकांनी माफी मागावी असा ठराव मांडतो.

अनगोळकर

बिल जास्त लावलं असेल तर माफी मिळणार नाही.

नंदगड_रोड

उशिरा आलो. सगळं वाचलं नाही, माफ करा. आमचा केबलवाला धंदा बंद करूलालाय, पुढच्या महिन्यापासून नाही म्हणतो. घरात वडील आहेत, मराठी बातम्या आणि एक-दोन मालिका, एवढंच. छत्री घेऊ की फायबर? भांडू नका, फक्त सांगा.

टिळकवाडी_टेक

फायबर.

जांबोटी_घाट

नंदगड? फायबर घ्या आणि कोयता पण घ्या, फांद्या तोडायला.

शहापूरची_वहिनी

भाऊजी, नवीन येईपर्यंत जुनं बंद करू नका, महिनाभर दोन्ही ठेवा. वडिलांच्या रोजच्या वाहिन्यांचे नवे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीखाली चिकटवा. बहुतेक रिमोटवर आवडीच्या वाहिन्यांची यादी लावता येते, ती त्या जोडणाऱ्या पोराकडूनच लावून घ्या, तो एकदा गेला की परत येत नाही.

केबलची_वायर

छत्री घेणार असाल तर आधी छतावर जाऊन आग्नेयेला मोकळं आहे का बघा. झाड असेल तर सरळ ८३ अंशवाला उपग्रह ज्या कंपनीचा आहे ती घ्या, तो उंचावर आहे. आणि पावसात बसवू नका. भर पावसात सिग्नल नीट मोजता येत नाही, पोरगा अंदाजे फिरवून जातो. दसऱ्यापर्यंत जमतंय का बघा.

जुना केबलचा बॉक्स भाड्याचा होता की विकत, ते पावतीवर बघा. भाड्याचा असेल तर अनामत मागा. धंदा बंद करणारा माणूस स्वतःहून देत नाही.

नंदगड_रोड

दसऱ्यापर्यंत वडील बिन बातम्यांचे राहिले तर आमचं काही खरं नाही. आग्नेयेला चिंच आहे, मोठी. पावती शोधतो. पावती कधी दिली होती का हेच आठवत नाही.

खडेबाजार_मुक्काम

दिली नव्हती. वर लिहिलंय मी.